धुळाप्पाच्या मेंढ्यांचे पाय

धुळाप्पा नेमका कोण होता, हे अकरा वर्षं त्याच्या शेजारच्या खोलीत काढूनही मला सांगता येत नाही. कॉलेजच्या हजेरीपटावर तो शिपाई होता. आमच्या रसायनशास्त्र विभागात सगळे त्याला 'काचवाला' म्हणायचे. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी त्याला माझ्यादेखत आर्टिस्ट म्हटलं होतं. आणि त्याच्या वडिलांच्या लेखी तो, मेंढरं सोडून शहरात गेलेला आणि फुंकर मारून पोट भरणारा एक माणूस होता. यातलं कुठलंच खोटं नव्हतं, म्हणून तर माझी पंचाईत आहे.

मी त्या विभागात डेमॉन्स्ट्रेटर होते. राग माझ्या नाकावर असायचा. बाईंच्या हातात पिपेट असेल तेव्हा समोर उभं राहू नये, असं पोरं एकमेकांना सांगायची, ते मला माहीत होतं आणि मनातून थोडं आवडायचंही. त्याच पोरांनी फोडलेलं सगळं धुळाप्पाकडे जायचं. जिन्याखालची त्याची खोली म्हणजे एक टेबल, एक बर्नर, पायानं दाबायचा भाता आणि कोपऱ्यात डालड्याचे दोन जुने डबे. सकाळी तडकलेला कंडेन्सर दिला की दुपारी जोडून मिळायचा, आणि जोड कुठे आहे हे बोट फिरवूनही सापडायचं नाही.

मी कितीदा तरी दारात उभी राहून बघायची. काचेची नळी दोन्ही हातांनी धरून तो ज्योतीत फिरवत राहायचा. दोन्ही हातांचा वेग एकच हवा, नाहीतर मऊ झालेली काच पिळवटते. काच लाल होऊन वाकू लागली की ज्योतीबाहेर काढायची, टोक ओठांत धरायचं, आणि नळीच्या मधोमध फुगा यायचा. तो फुंकतोय असं वाटायचंच नाही. गाल जागचे हलायचे नाहीत.

हे त्याला लाडलेसाहेबांनी शिकवलं. लाडलेसाहेब म्हणजे शहरातले अत्तराच्या नि होमिओपॅथीच्या बारीक शिश्या फुंकणारे म्हातारे कारागीर. धुळाप्पाचं गाव मंगळवेढ्याच्या पलीकडे, घरची मेंढरं. एकोणीस वर्षांचा असताना तो लोकरीचं गाठोडं घेऊन सोलापूरला आला, आणि लाडलेसाहेबांच्या दुकानासमोर जो उभा राहिला तो दुपारपर्यंत हललाच नाही. गाठोडं कुणी उचलून नेलं तेही त्याला कळलं नाही. शेवटी म्हाताऱ्यानंच आत बोलावून त्याच्या हातात नळी दिली. धुळाप्पा रानात पावा वाजवणारा, त्यानं गाल फुगवून जोरात फुंकर घातली. फुगा फुटला आणि काचेचा पापुद्रा हवेत उडाला.

"फूंकनेका नै रे," लाडलेसाहेब म्हणाले, "सांस छोडनेका. कांच कू मालूम पडता, कौन गुस्से में है."

हे वाक्य धुळाप्पा मला वरचेवर ऐकवायचा. कुणासाठी ऐकवायचा ते उघड होतं. सहा वर्षं तो तिथे राबला. मग प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, दुकान बसलं, आणि आमच्या कॉलेजला फुटकी काच जोडणारा माणूस हवा होता. असं पद कागदावर नव्हतं, म्हणून तो शिपाई झाला.

बहात्तरच्या दुष्काळात त्याच्या वडिलांची, मायाप्पांची, मेंढरं गेली. एक्केचाळीस होती. चारा बघत म्हातारा कळप घेऊन नदीच्या अंगानं निघाला आणि महिनाभरानं एकटाच गावात परत आला. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुढच्या दिवाळीत धुळाप्पानं त्याला सोलापूरला आणलं. सात रस्त्यापासून आत, एका चाळीत त्यांची दीड खोली होती. मायाप्पा दारात काठी मांडीवर घेऊन बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडे बघायचे. बोलणं बंद. जेव म्हटलं की जेवायचे, नीज म्हटलं की निजायचे.

आणि एके दिवशी धुळाप्पा फुटक्या काचेच्या तुकड्यांतून केलेली अंगठ्याएवढी मेंढी घरी घेऊन गेला. का केली, तर म्हणे हात रिकामा होता. अंग फुंकून फुगवलेलं, आत पोकळ. फुंकायची जागा म्हणजे मेंढीचं तोंड. ते त्यानं उघडंच ठेवलं होतं. कान अंगाच्याच काचेतून ओढलेले, पाय मात्र काचेच्या काडीचे, वरून चिकटवलेले. मायाप्पांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा बोलले.

"हिचं कान असं न्हवतं."

"कुणाचं, आबा?"

"बांडीचं. डावा दुमडल्याला व्हता."

दुसऱ्या दिवशी धुळाप्पा माझ्याकडे परवानगी मागायला आला. कॉलेज सुटल्यावर तासभर बर्नर वापरू का, असं विचारत होता. मी म्हटलं, वापरा, आणि प्राचार्यांनी विचारलं तर मी सांगितलंय म्हणा. ही फार मोठी गोष्ट केली असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

मग ते सुरूच झालं. म्हातारा एकेक मेंढी सांगायचा, लेक ती करून न्यायचा, आणि चुकलं की म्हातारा चिडायचा. "ही काळवी व्हय? ही तर गाढवीन दिसती." धुळाप्पा हे मला हसत हसत सांगायचा. बाप शिव्या देतोय याचा इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. दीड वर्षात बत्तीस मेंढ्या झाल्या आणि फळीवर ओळीनं उभ्या राहिल्या. मायाप्पा आता शेजारच्या काशम्माशीही बोलायचे. ती तेलुगू बोलायची, हे मराठी, आणि दोघांचंही बरं चाललं होतं.

उरल्या होत्या नऊ. त्यांचं नाव म्हातारा काढत नव्हता.

पंच्याहत्तर साली विद्यापीठाची कमिटी यायची होती. त्या निमित्तानं विभागात सगळंच नवं झालं. जुनं पेट्रोल-गॅसचं यंत्र गेलं, सिलिंडरचा गॅस आला. भिंतींना चुना लागला. धुळाप्पा बिरोबाच्या जत्रेला गावी गेला होता आणि माझ्या डोक्यावर साफसफाईचं काम. आमच्या गोजरबाई म्हणजे प्रयोगशाळा झाडणाऱ्या, कामाला चोख. त्यांनी जिन्याखालच्या खोलीतले दोन्ही डबे उपडे केले, काचेचे तुकडे सोड्यानं धुतले आणि गोणपाटावर वाळत घातले. डबेही घासून लख्ख केले. मी तिथून घाईनं जात होते.

"बाई, कंची काच कंच्या डब्यात व्हती, त्ये ध्यानात न्हाय की."

"भरा कुठलीही कुठंही," मी म्हटलं. "काच ती काच."

आणि मी विसरले. कमिटी आली, चहा प्याली. त्यांतल्या मुंबईच्या एका गृहस्थांना धुळाप्पाच्या टेबलावर म्हाताऱ्यानं चुकल्या म्हणून परत पाठवलेल्या तीन मेंढ्या दिसल्या. परदेशात असं काम करणाऱ्यांची स्वतःचे स्टुडिओ असतात, त्यांना आर्टिस्ट म्हणतात, असं ते म्हणाले. दिवाळीत मुंबईला प्रदर्शन आहे, तिथे बारा मेंढ्या पाठवा, असं सांगून पत्ता देऊन गेले. धुळाप्पा जत्रेहून परतला तेव्हा मी त्याला हे इतक्या उत्साहानं सांगितलं, की तो बावरलाच.

"बाई, ह्याला कला म्हंत्यात व्हय? मी तर आबाची मेंढरं करतोय."

"तेच ते."

"त्येच कसं आसंल?"

 त्याच आठवड्यात दुसरी मोठी गोष्ट घडली होती. मायाप्पांनी उरलेल्या नवांतली पहिली मेंढी सांगितली. तिचं नाव लोली. कपाळाला ठिपका, पाठ जरा खोलगट. धुळाप्पानं ती तीन दिवसांत केली, नेहमीसारखी गरम राखेत पुरून हळूहळू गार केली, घरी नेली, फळीवर ठेवली. पाचव्या दिवशी सकाळी सगळे चहा पीत असताना टक् असा आवाज आला. लोलीचे पुढचे दोन्ही पाय तुटले होते.

त्यानंतर जी म्हणून मेंढी त्यानं केली, तिचं तेच. एखादी राखेतून काढतानाच, एखादी आठ दिवसांनी. अंग शाबूत, कान शाबूत, पाय गळालेले. आधीच्या बत्तीस मात्र जशाच्या तशा. धुळाप्पा चक्रावून गेला. नव्या गॅसची आंच कडक आहे, काच लवकर वितळतेय, असं त्याला वाटलं. त्यानं ज्योत बारीक केली. राखेत दोन-दोन दिवस पुरून ठेवून पाहिलं. मला विचारलं. मी पुस्तकं काढली आणि काचेत ताण कसा राहतो यावर त्याला अर्धा तास भाषण दिलं. मला स्वतःला काहीही समजलेलं नव्हतं. लाडलेसाहेब असते तर त्यांना विचारलं असतं, पण ते दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

त्यात मुंबईचं पत्र आलं. फळीवरच्या बत्तीस आबा हलवू देत नव्हते, नव्या उभ्या राहत नव्हत्या. मी चिडले. चिडले तेव्हा जे बोलले ते अजून आठवतं.

"हात गेलाय का तुमचा, धुळाप्पा?"

तो दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्याकडे बघत राहिला. ज्योतीपुढे बसताना लावायचा जांभळट काचांचा चष्मा त्याच्या कपाळावर तसाच होता. त्याला ते खरं वाटलं होतं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर प्रॅक्टिकलमध्ये, त्याची बायको केराबाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. कॉलेजात ती कधीच आली नव्हती. धुळाप्पा प्राचार्यांच्या कामाला बाहेर गेला होता. पदराखालून तिनं काचेची बरणी काढली, आत करडईचं तेल.

"बाई, हितली मेंढी कुटं गेली, सांगा."

मी वाकून पाहिलं. सोनेरी तेलात तळाशी तीन बारीक पाय उभे होते. नुसते पाय. त्यांच्यावर काहीही नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला, रसायनशास्त्राची एम. एस्सी. असून.

केराबाईनं बरणीत दोन बोटं घातली आणि त्या पायांसकट अख्खी मेंढी बाहेर काढली. तेल गळत होतं, मेंढी होती. पुन्हा आत सोडली. उघड्या तोंडातून बुडबुडे निघाले, आत तेल शिरलं तशी ती विरघळल्यासारखी नाहीशी झाली आणि तीन पाय उरले.

"आवो, फळीवरनं बरनीत पडली," ती म्हणाली. "ह्यांनी मला तेल काडायला काचंची पळी करून दिलीया. ती तेलात कदीच दिसत न्हाय, त्येचं मला काय न्हाय वाटत. पर हिचं पाय कसं दिसत्यात?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी कपाटातून फुटक्या चंचुपात्राचा तुकडा काढून तेलात धरला. नाहीसा झाला. साध्या नळीचा तुकडा धरला. स्वच्छ दिसत राहिला. एक आगीवर ठेवायच्या भांड्यांची कडक काच, दुसरी साधी मऊ काच. बाहेर दोन्ही सारख्याच दिसतात; तेलात मात्र कडक काच तेलाइतकाच प्रकाश वाकवते म्हणून दिसेनाशी होते. शिवाय तापलेली मऊ काच गार होताना जास्त आक्रसते, कडक काच कमी. दोन्ही एकमेकींना चिकटवल्या तर त्या गार होता होता एकमेकींना ओढत राहतात, आणि केव्हातरी जोड सुटतो. मेंढीचं अंग कडक काचेचं होतं, पाय मऊ काचेचे. आणि एवढी साधी चूक धुळाप्पा करणं शक्यच नव्हतं. त्याचे डबे वेगळे होते.

डबे. गोणपाट. गोजरबाई. काच ती काच.

मी खुर्चीत बसले. पोरं टकमक बघत होती. केराबाईला वाटलं मला चक्कर आली, तिनं पदरानं वारा घातला आणि घालता घालता सांगू लागली. मायाप्पांनी परत बोलणं टाकलं होतं. भाकरीला हात लावत नव्हते. मात्र बोलणं टाकण्याआधी एकदाच सगळं बोलले होते. नदीकडे जाताना वाटेत नऊ मेंढ्या पाय मोडून बसल्या. ओढूनही उठेनात. बाकीची बत्तीस तहानेनं मरतील म्हणून म्हातारा त्या नवांना तिथेच, जिवंत, सोडून पुढे गेला. पुढे बत्तीसही वाचल्या नाहीत, पण त्या त्याच्या हातांवर मेल्या.

"मामंजी म्हंत्यात, त्या नऊच बसत्यात, बगा. बाकीच्या हुब्या हायत. त्या उटनार न्हाईत म्हंत्यात. म्या सोडल्या त्या, मला दावत्यात."

संध्याकाळी धुळाप्पा आल्यावर मी त्याच्या हाती बरणी दिली. तो दोन्ही डब्यांतले तुकडे एकेक करून तेलात धरत गेला. दिसतोय, दिसत नाही. दिसतोय, दिसत नाही. दोन्ही डब्यांत दोन्ही काचा. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

"म्हंजी हात न्हाई गेला, बाई," तो म्हणाला.

मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. जत्रेच्या वेळी सफाई झाली होती, कुणीतरी मिसळलं असेल, असं पुटपुटले. घरी जाऊन रात्रभर स्वतःवर चिडत राहिले, आणि रविवारी सकाळी चाळीत गेले.

मायाप्पा भिंतीकडे तोंड करून बसले होते. फळीवरच्या बत्तीस मेंढ्यांवर उन्हाची तिरीप आली होती. मी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. धुळाप्पा नि केराबाई दारात.

"बाबा, तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. "दोन जातींच्या काचा होत्या. मी त्या मिसळायला लावल्या. म्हणून पाय तुटतात. देवाचं काही नाही यात, मेंढ्यांचंही नाही. माझं आहे."

धुळाप्पानं माझ्याकडे झटकन पाहिलं आणि मग खाली पाहिलं. 

"तुमी काच मिसळली," म्हातारा म्हणाला. "व्हय. पर त्यांना तितं सोडून मी आलो की, बाई. त्ये तुमी न्हाई केलं."

 मी गुन्हा कबूल करायला गेले होते आणि म्हातारा आपला गुन्हा मला द्यायला तयार नव्हता. कुणाचं कुणी घ्यायचं, हेच कळेनासं झालं. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

तेवढ्यात धुळाप्पा म्हणाला, "आबा, पाय बदलता येत्यात."

म्हाताऱ्यानं मान वळवली.

"अंग चांगलं हाय तिचं. मऊ काचंचं पाय समदं खुडून काडायचं. तेलात घालून बगायचं, काय ऱ्हायलंय का. मग कडक काचंचं नवं पाय. उटंल ती."

"उटंल?"

"बगाया चला की."

सोमवारी मायाप्पा काठी टेकत आमच्या विभागात आले. गोजरबाईंनी त्यांना स्टूल दिलं. लेक काय काम करतो ते त्यांनी तोवर कधी पाहिलं नव्हतं. धुळाप्पानं लोलीच्या अंगावरचे मऊ काचेचे खुंट चिमट्यानं खुडले आणि तिला तेलात सोडलं. काही दिसत नाही अशी खात्री झाल्यावर आतलं तेल काढून ती धुतली, पुसली, लांबून शेक देत देत ज्योतीजवळ आणली. मग पहिला पाय. दुसरा. मायाप्पा स्टुलावर पुढे झुकून बसले होते आणि लेक श्वास सोडे तेव्हा त्यांचाही श्वास सुटत होता. चारही पाय झाल्यावर धुळाप्पानं तिला गरम राखेत पुरलं.

"आता उद्या, आबा."

मुंबईला आम्ही काहीच पाठवलं नाही. त्या गृहस्थांची आणखी दोन पत्रं आली, मी उत्तर लिहायला घेतलं आणि काय लिहावं ते न कळून ठेवून दिलं. धुळाप्पा कला करतो की नाही, हे मी कुणाला पटवणार होते?

मंगळवारी मी कॉलेजात पोचले तर फाटकाशी मायाप्पा उभे. शिपायानं फाटक उघडलं नव्हतं तेव्हापासून आलेले. धुळाप्पानं राख बाजूला सारली, लोलीला उचललं, फुंकर घालून साफ केलं आणि पुन्हा एकदा बरणीत सोडलं. तोंडातून बुडबुडे निघाले. पाठ गेली, कपाळ गेलं, पाय गेले. बरणीत नुसतं तेल उरलं. मायाप्पांनी स्टुलाची कड घट्ट धरली. धुळाप्पानं चिमटा घालून तिला सावकाश बाहेर काढलं, तेल निथळू दिलं, धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि टेबलावर ठेवलं.

मायाप्पा खाली वाकले, टेबलाशी डोळे नेले. ती चारही पायांवर उभी होती. त्यांनी खूप वेळ वाट पाहिली.  टक् झालं नाही.

मग त्यांनी तळहात तिच्या मागे धरला, हाकताना धरतात तसा.

"चल, लोले," ते म्हणाले. "लई मागं ऱ्हायलीस."